चेपलेला पाईप

“आतून नळी घालून अन्ननलिका थोडी रुंद करून बघू,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आबा हसले. “म्हणजे माझाच धंदा की!”

बोअरचे चेपलेले केसिंग पाईप खुले करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निमुळता लोखंडी गोळा दोराने आत सोडायचा आणि ठोके देत देत पाईप पुन्हा गोल करायचा. मी त्यांच्या हाताखाली असायचो. सडका पाईप मात्र ठोक्याने फाटतो. तसा निघाला, की आबा गोळा वर ओढून घेत आणि मालकाकडे चहा मागत. मालकाने स्वतःचा चहा पिऊन कप खाली ठेवला, की मगच सांगत, “यात आता राम नाही.”

नळी घालून झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट बाजूला सारून ते म्हणाले, “बसा. चहा सांगू?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घशाखाली तर धड पाणीही उतरत नव्हतं.

“याच्यासाठी सांगा,” ते डॉक्टरांना म्हणाले. “आणि त्याचा पिऊन होईपर्यंत काही बोलू नका.”

चहा संपून बराच वेळ झाला, तरी मी कप खाली ठेवला नाही.