खाचांतला चिखल

युजीनने आपल्या मुलाची, ॲल्रॉयची, जुनी लाल स्पोर्ट्स कार विकायला काढली. वर्षभर ती अंगणात नुसती उभीच होती. गिऱ्हाईक म्हणालं, "टायर तेवढे नवे टाकून द्या." म्हणून युजीन ती टेम्पोवर चढवून गास गावातल्या टायरवाल्याकडे, प्रितेशकडे, घेऊन गेला.

चारही टायर बदलून झाले.

"अंकल, जुने इथंच सोडा. भंगारवाला उचलेल."

"नको, घरी नेतो."

"मग थांबा, खाचांत चिखल सुकलाय. पाणी मारून देतो," म्हणत प्रितेशने पाइप उचलला.

युजीनने त्याचा हातच धरला. "नको रे बाबा, पाणी नको."



गेल्या पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावरून ॲल्रॉयच्या मित्राने फक्त गाडी परत आणली होती.