हाताचं वळण

लाकडी पिना पाडायच्या बॉलिंगच्या चेंडूच्या पोटात वजन असतं. बोटांची भोकं त्या वजनापासून कुठं पाडली, यावर चेंडू किती वळणार ते ठरतं. नंदुरबारात हेच काम करणाऱ्या उमाकांतला ते पाठ होतं.

निवड चाचणीआधी लेक हेमांगी म्हणाली होती, “आबा, हारनू ते तुम्ही सांगशात तठे लगीन करसू.”

तिचा नवा चेंडू त्यानं स्वतः घडवला. भोकं बोटांना चपखल बसली, जागा मात्र त्यानं मुद्दाम चुकवली. चाचणीत चेंडू शेवटपर्यंत वळलाच नाही.

हळदीच्या दिवशी त्यानं तो माळ्यावर टाकायला उचलला, तेव्हा हेमांगीनं पिवळ्या हातांनी तो त्याच्याकडून घेतला आणि पुसून परत दिला.

“एखादी पोरले देऊन टाका, आबा. चेंडू बराबर शे. मन्हा हातलेच वळण नही.”