नव्या भिंगरीचं परीक्षण

योयो पुन्हा डुलला.

परीक्षकानं दोरी गुंडाळली, मनगट सैल सोडलं आणि परत फेकला. योयो खाली टोकाला जाऊन झोपला, म्हणजे जागच्या जागी फिरत राहिला. आठ सेकंद झकास गेले. मग तो एका अंगाला कलला, दोरीला घासला आणि गप्प झाला.

"कितव्यांदा?" बायकोनं दारातून विचारलं.

"एकेचाळिसाव्यांदा."

"आणि?"

त्यानं योयोचा आटा फिरवून दोन्ही फाका सुट्या केल्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवून पाहिली. एक फाक दोन ग्रॅम जड भरली. एवढ्याशा खेळण्यात दोन ग्रॅम म्हणजे एका पायात बूट नि दुसऱ्या पायात चप्पल.

योयोच्या डब्यावर नाव होतं 'नवी भिंगरी'. सोबत चिठ्ठी होती, तो बनवणाऱ्या कारागिराच्या लेकीच्या हातची. 'जुन्या भिंगरीची ही धाकटी बहीण. हिचं पहिलं परीक्षण तुम्हीच लिहावं, अशी बाबांची इच्छा आहे. जे वाटेल ते लिहा.'

जुनी भिंगरी लाकडी होती. एकेकाळी शहरातल्या पोरांच्या खिशात रुमाल नसे, पण भिंगरी असे. कारागीर ती स्वतः लेथवर उतरवायचा. बावीस वर्षांपूर्वी परीक्षकाला वर्तमानपत्रात खेळण्यांचा रकाना मिळाला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यानं लिहिलं, 'भिंगरी तिसऱ्या फेकीला डुलते. नावावर जाऊ नका.'

सहा महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं. ते कळल्यापासून परीक्षकानं त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. बाजारात जायचं तरी तो लांबचा वळसा घ्यायचा. बायकोला वाटे, चालण्याचा व्यायाम चाललाय.

संध्याकाळी त्यानं लेख लिहून संपवला. बायकोनं चष्मा लावून वाचला.

"'तोल असा, की डोळे मिटून फेकावी,'" तिनं मोठ्यानं म्हटलं. "अहो, ही तीच ना, सकाळपासून डुलणारी?"

"म्हातारा माणूस आहे गं."

"म्हातारा आहे म्हणून डुलायची थांबते का ती?"

"एका ओळीनं त्याच्या आयुष्याचं वाटोळं केलंय मी. पुन्हा तेच पाप नको."

"पण तेव्हा काय खोटं लिहिलं होतंत?"

परीक्षक टाचण्यांच्या डबीची उगाच उघडझाप करत राहिला.

"तेच तर आठवत नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी तापानं फणफणलो होतो. चार-पाच वेळा फेकली असेल. सगळं शहर तिला चांगली म्हणत होतं. माझाच हात थरथरत असेल तर?"

बायकोनं कागद खाली ठेवला. "बघा बाई," एवढंच म्हणाली.

लेख गुरुवारी छापून आला. रविवारी सकाळी परीक्षकानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि वळसा न घेता सरळ त्या गल्लीत शिरला.

कारखान्याचं दार उघडं होतं. आत तेलाचा आणि तासलेल्या धातूचा वास होता. लेथपाशी चाळिशीची एक बाई फडक्यानं हात पुसत होती, ती लेक. कोपऱ्यात स्टुलावर कारागीर बसला होता. वाळून काटकी झाला होता, पण नजर तीच.

"या या," कारागीर म्हणाला. "बावीस वर्षं उशीर केलात."

परीक्षक आठवडाभर घोकलेलं भाषण तिथंच विसरला. "माफी मागायला आलोय," तो कसाबसा म्हणाला.

"कशाबद्दल?"

"जुन्या भिंगरीबद्दल लिहिलं होतं त्याबद्दल. माझ्यामुळं तुमचा कारखाना बसला."

कारागीर खोकत खोकत हसला. "अहो, तुमचा लेख वाचला त्याच दिवशी मी भिंगरी करवतीनं उभी चिरली. मधलं भोक तिरकं पडलेलं! मागणी वाढली होती, मी घाई करत होतो. सगळे वाहवा करत होते. खरं बोलणारे तेवढे तुम्ही निघालात."

"पण कुलूप..."

"माझं मीच लावलं. लाज वाटली. म्हटलं, आता जोवर सरळ फिरणारी भिंगरी होत नाही, तोवर दुकान मांडायचं नाही. ही शिकून आली, मग दोघांनी मिळून नवी आखली."

परीक्षकाच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले, ते त्यानं लपवलेही नाहीत. म्हणजे त्याचा हात थरथरला नव्हता. लेखणी खोटं बोलली नव्हती. ज्या गोष्टीपायी इतकी वर्षं जीव जाळला, तिच्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता.

"मग नवी बाजारात कधी येणार?" नाक पुसत त्यानं उत्साहानं विचारलं.

कारागीर लेकीकडं पाहू लागला. लेक फडक्याची घडी घालत राहिली.

"डब्यांची छपाई थांबवलीय," ती म्हणाली. "डब्यावर तुमचं वाक्य घ्यायचं ठरलं होतं. बाबांचा हट्ट होता, छापायचं तर तुमचंच, दुसऱ्या कुणाचं नको."

"मग घ्या की! आणि मी तर चांगलंच लिहिलंय."

"वाचलं आम्ही," कारागीर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं परीक्षकाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलकेच थोपटला. "तुम्ही लगेच पकडाल आणि मग खरी तुमच्या हाती देता येईल, याची मला इतकी खात्री होती, की तुमच्याकडं आधी धाडलेली भिंगरी मी मुद्दाम बिघडवून ठेवली होती."