टीचरचा पार्टनर

फादरनी खूण केली तसे केमिस्ट उठले आणि घडी केलेला कागद उलगडत माइकपाशी गेले. चर्च भरलं होतं. मागच्या रांगांत टीचरच्या वर्गातली मुलं गणवेशात दाटीवाटीनं बसली होती. पहिल्या रांगेत टीचरची मुलगी. ती लांबच्या एका इस्पितळात नर्स होती. शेवटचे अठरा दिवस आईजवळ राहिली होती आणि आजची ही स्मरणाची प्रार्थना झाली की परत जाणार होती.

केमिस्टांनी वाचायला सुरुवात केली. मुलाचं गणित चुकलं की टीचर रागवायची नाही. फळ्यापाशी बोलवायची आणि म्हणायची, "चुकलास कसा, ते सगळ्यांना नीट समजावून सांग." सांगता सांगता पोरगं स्वतःच दुरुस्त करायचं. रविवारी ती चर्चमध्ये गायची, मोठ्यानं आणि बेसूर. ऑर्गन वाजवणाऱ्याची तिला गाठता गाठता दमछाक व्हायची. इथे फादरसुद्धा हसले.

"आणि ब्रिज," केमिस्ट म्हणाले. "दर गुरुवारी दुपारी तिच्या घरी चौघांचा पत्त्यांचा डाव बसायचा. समोर बसतो तो आपला पार्टनर. एकोणीस वर्षं मी तिच्या समोर बसलो. माझ्यामुळे डाव गेला की मलाही म्हणायची, चुकलास कसा, समजावून सांग."

लोक हसले. त्या हसण्यानं त्यांना धीर आला आणि कागदावर नसलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं.

"शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हाच तिला आजाराचं कळलं होतं. पण परीक्षा होईपर्यंत तिनं वर्ग सोडला नाही."

चर्चभर हळहळ उमटली. कुणीतरी नाक ओढलं. टीचरची मुलगी मात्र मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. केमिस्टांना पुढची ओळ सापडेना. त्यांनी कागदाची घडी केली आणि ते खाली उतरले.

प्रार्थनेनंतर बाजूच्या खोलीत चहा होता. मुलीनं दोन कप आणले, एक त्यांच्या हातात दिला आणि त्यांना खिडकीपाशी नेलं.

"काका, मला आईनं परीक्षा संपल्यावर फोन केला. म्हणाली, परवाच कळलंय. रिपोर्ट मागितले तर कुठेतरी ठेवलेत, सापडत नाहीत म्हणाली. तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

केमिस्टांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "पहिल्या दिवसापासून. चिठ्ठी घेऊन माझ्याच दुकानात आली. औषधांची नावं वाचली आणि मी सगळं ओळखलं. तर मलाच म्हणते, 'माझे पत्ते बघितलेस ना? आता तोंड बंद.'"

"आणि तुम्ही बंद ठेवलंत."

"शपथ घातली होती तिनं."

"फादरना तरी सांगितलं होतं का?"

"नाही. म्हणाली, देवाला सांगितलंय, फादरच्या डोक्याला कशाला ताप."

मुलीला हसू आल्यासारखं झालं. ते तसंच राहिलं आणि चेहरा वेडावाकडा झाला.

"दहा महिने, काका. दहा महिने मी परक्या बायकांच्या उशा नीट करत होते. त्यांना घासघास भरवत होते. आणि माझी आई जिने चढून वर्गात जात होती."

"तू नोकरी सोडून येशील म्हणून घाबरत होती ती."

"आलेच असते! तिला काय हवं होतं ते सगळ्यांनी बघितलं. मला काय हवं होतं, ते विचारलंत तुम्ही कुणी?"

चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. केमिस्टांनी आवाज खाली आणला.

"मी फोन लावला होता तुला. नाताळच्या आधी. गुरुवारी बाकीचे दोघे यायच्या अगोदर मी जरा लवकर जायचो. ती चहा टाकायला आत गेली होती आणि तिचा फोन खुर्चीत पडला होता. तू हॅलो म्हणालीस आणि मला शपथ आठवली. ठेवून दिला."

मुलीनं कप तोंडाशी नेता नेता थांबवला.

"तो तुम्ही होतात?" ती म्हणाली. "मी तीनदा हॅलो म्हटलं. आईच्या फोनवरून आलेला म्हणून घाबरले. मग रात्री तिला विचारलं, दुपारी फोन करून बोलली का नाहीस?"

"काय म्हणाली?"

"आधी म्हणाली, कुठला फोन? मग म्हणाली, हो हो, मीच लावला होता, तुझा आवाज ऐकावासा वाटला."

केमिस्टांचा हात खिडकीच्या गजावर गेला. "म्हणजे तिला कळलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच घरात."

"काका? बसताय का जरा?"

ते बसले नाहीत. "मला एका शब्दानं बोलली नाही," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी गेलो, तर फोन टेबलावर होता. माझ्या पुढ्यात. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. चहा आणते म्हणून आत जायची आणि दार ओढून घ्यायची. वीस वीस मिनिटं यायची नाही. मी पत्ते पिसत बसायचो. मला वाटायचं, दुखण्यानं हात मंदावलेत बिचारीचे."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे.

"आई चहा थर्मासमध्ये भरून ठेवायची, काका, तिनंच सांगितलं मला," ती म्हणाली. "आजारी पडल्यापासून रोज सकाळीच."