आपलं पान

देशोदेशीच्या मुलांवरच्या चित्रपुस्तकाची अकरा पानं चित्रकाराने खुर्चीतून न उठता काढली. कुठे पोरं बर्फावर घसरत होती, कुठे झाडाला लोंबकळत होती. राहिलं होतं फक्त आपल्या देशाचं पान, आणि ते उद्या सकाळी छापखान्यात जायचं होतं. हे तर काय, डोळ्यांसमोरचं! वही घेऊन, पायाला भिंगरी लावल्यासारखा तो संध्याकाळभरात चारदा गल्लीत उतरला. चारही वेळा गल्लीत नुसत्या गाड्या उभ्या, पोरं क्लासला.

“एक पोर खेळताना दिसेल तर शपथ!” घरात येऊन तो करवादला.

गणितातून मान वर न करता लेक म्हणाली,



“बाबा, त्या अकरा देशांत तू तरी कुठे गेला होतास? आपलं पान तिकडच्याच कुणाला तरी काढायला सांग ना. त्याला दिसू आम्ही खेळताना.”