नुकसानीची खूण

"पण नुकसान आहे कुठं?" खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेयरने तिसऱ्यांदा विचारलं.

"त्या काळ्या डब्यात," वहिनी म्हणाल्या. "आता तो काय चाटून बघायचाय?"

फायबरची केबल टाकणाऱ्या त्या चिमुकल्या फर्मच्या वहिनी मालकीण. कामावरचे सगळेच त्यांना वहिनी म्हणत, पण सख्खे दीर एकच. ते खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभे होते. फर्ममध्ये तारांचे जोड करणारेही तेच. भाऊजींनी डबा उघडून वर धरला. आत केसाएवढ्या अठ्ठेचाळीस तारा, तेल लावून विंचरल्यासारख्या, एकीशेजारी एक बसल्या होत्या.

"यात तर काहीच झालेलं नाही."

"झालं होतं! सोमवारी आमच्या खोदाईच्या मशीनखाली अख्खी केबल चिरडली. आमची नाही, दुसऱ्या कंपनीची. चार तास अर्ध्या वस्तीचे फोन बंद, मग भाऊजींनी जोडली. त्यांचं भरपाईचं पत्र तुमच्याच हातात आहे."

"पत्र म्हणजे त्यांचं म्हणणं. मला नुकसान दिसायला हवं." सर्व्हेयरने पॉलिसीचं पान उलटलं. "अट सातवी. पाहणी होईपर्यंत नुकसान जसंच्या तसं ठेवावं."

"आणि अट अकरावी? नुकसान वाढू नये म्हणून ताबडतोब उपाय करावा. दोन दिवस हेच पाठ करतेय मी. यातली पाळायची कुठली?"

"दोन्ही," सर्व्हेयर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. नुसता विमा कंपनीचा होता.

वहिनींनी मोर्चा खड्ड्याकडे वळवला. "तो चिरडलेला तुकडा तरी कुठाय, भाऊजी?"

"टाकला. काचेची कुसळं ती, कुणाच्या पायात गेली म्हणजे?"

"मग फोटो तरी काढायचा होता!"

"काढला की." भाऊजींनी मोबाइल शर्टाला पुसून वर दिला. फोटोत त्यांच्या तारा जोडायच्या स्प्लायसिंग मशीनचा पडदा होता, त्यावर एक इवलासा आकडा. जोड जितका चांगला तितका हा आकडा लहान. "शून्य पूर्णांक शून्य एक. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "तुटलेल्याचा, भाऊजी! तुटलेल्याचा फोटो!"

"तुटलेल्याचा फोटो कोण काढतं?" भाऊजींना खरंच प्रश्न पडला होता.

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? आणि रागावल्याशिवाय राहायचं तरी कसं? क्लेम नाकारला गेला तर भरपाई खिशातून द्यायची, आणि खिसा फाटका. फर्ममध्ये विकण्याजोगी वस्तू एकच होती, ते स्प्लायसिंग मशीन. ते गेलं की भाऊजींचे नुसते दोन हात उरणार होते. हे वहिनींना रात्रंदिवस डाचत होतं आणि भाऊजी शून्य पूर्णांक शून्य एक दाखवत होते.

वहिनी खड्ड्यावर वाकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "कटर घ्या. तोडा परत. साहेब फोटो काढतील, मग जोडा. खोटं थोडंच आहे? सोमवारी तुटलीच होती."

सर्व्हेयरने चष्मा पुसायला घेतला. "मी काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला.

भाऊजींनी तारांकडे पाहिलं. "चालू आहेत, वहिनी. यातली कुणाची तोडू?"

"मला काय माहीत कुणाची!"

"मलाही नाही ना." त्यांनी कटर वर केला, मूठ वहिनींकडे. "माझ्याने व्हायचं नाही. तुम्ही तोडा."

वहिनींनी कटर हिसकावून घेतला. त्या लाल झाल्या. समोरच्या दुमजली घराच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ मोबाइल कानाला लावून कुणाला तरी मोठमोठ्याने सांगत होते, "हो, आता नीट ऐकू येतंय, बोल तू." वहिनींनी कटर हत्यारांच्या पेटीत असा आपटला की सर्व्हेयर दचकला.

"लिहा साहेब. काय लिहायचं ते लिहा."

सर्व्हेयरने लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "'जोडाचा डबा उघडून बारकाईने पाहणी केली. नुकसानीची कोणतीही खूण आढळली नाही. केबल कधी तुटली असावी असे वाटत नाही.' इथं सही करा."

वहिनींनी सही केली. कागद फाटता फाटता वाचला.

भाऊजी खड्ड्यातून वर आले. "शेवटचं परत वाचा ना, साहेब."

"केबल कधी तुटली असावी असे वाटत नाही."

भाऊजी नवरदेवासारखे लाजले. "बावीस वर्षं झाली, वहिनी. असं कुणी लिहून दिलं नव्हतं."

"भाऊजी!" वहिनींना त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. "अहो, क्लेम गेला! मशीन विकावं लागणार. कळतंय का काही?"

"कळतंय."

त्यांनी सर्व्हेयरकडून अहवालाची दुसरी प्रत मागून घेतली. मग मशीन पुसलं, त्याची भिंगं पुसली, ते त्याच्या पेटीत ठेवलं. पेटीच्या झाकणाला आतून एक कप्पा होता. आजवरच्या प्रत्येक कामाचा कागद भाऊजी त्यातच ठेवत आले होते. वहिनी पेटी बंद व्हायची वाट बघत थांबल्या.

भाऊजींनी कप्प्यातले जुने कागद एकेक करून बाहेर काढले आणि पेटी बंद केली. नव्या कागदाची चौपदरी घडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.