हळदीची बोटं

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी सेंद्रिय स्वयंपाकाचं एक चकचकीत, कोरं पुस्तक निवडलं. सासूबाईंनी मात्र कोपऱ्यातलं तेलकट पुस्तक उचलून चक्क हुंगलं.

“अहो आई, किती कळकट आहे ते!”

“तुझ्या पुस्तकातलं कुणी काही करून पाहिलेलं दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “यात बघ, दुधीच्या थालीपिठाच्या पानावर हळदीची बोटं आहेत. म्हणजे त्या घरात हे पुन्हा पुन्हा झालंय.”

आमच्याकडे दर आठवड्याला महागडा सेंद्रिय दुधी यायचा, लेक त्याला नाक मुरडायची आणि शेवटी तो मीच कसाबसा संपवायचे. तेलकट तर तेलकट, घेतलं तेच.

संध्याकाळी पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून थालीपिठं लावली. लेकीनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि तुपानं माखलेलं बोट थेट त्या पानावर टेकवलं. “उद्या पण हेच!”

मी ओरडत फडकं घेऊन धावले. पण त्या अनोळखी पिवळ्या बोटांशेजारी तिचं इवलंसं बोट उमटलेलं दिसलं, आणि मी फडकं मुकाट्यानं परत ठेवलं.